परमनंट काका

पिंपरी-चिंचवडमध्ये माणसाला दोन आडनावं असतात. एक गावाकडचं, रेशनकार्डावर असतं ते. दुसरं कंपनीचं, आणि व्यवहारात चालतं ते हेच. टेल्कोवाले पाटील, बजाजवाले पाटील आणि एचएवाले पाटील असे तीन पाटील एका गल्लीत सुखानं नांदतात आणि पोस्टमनचा कधी गोंधळ होत नाही. टेल्कोनं 2003 साली स्वतःचं नाव टाटा मोटर्स करून घेतलं, बजाज टेम्पोची पुढं फोर्स मोटर्स झाली. पण आमच्या पाटलांची नावं बदलायला कुणी तयार झालं नाही. चौकांचं तेच. इतर शहरांत चौकांना पुढाऱ्यांची नावं असतात. आमच्याकडे केएसबी चौक, थरमॅक्स चौक आणि फिनोलेक्स चौक आहेत. गावाकडून आलेल्या माणसाला पत्ता सांगताना आम्ही पंपापासून वळवून बॉयलरवरून नेतो आणि केबलपाशी उतरवतो.

माझ्या काकांना मात्र कंपनीचं आडनाव कधी चिकटलं नाही. अख्खं मोहननगर त्यांना 'परमनंट काका' म्हणायचं.

'परमनंट' या शब्दाचं वजन आज चाकणला पॅकेजची भाषा बोलणाऱ्या पोरांना कळणार नाही. त्या काळी या पट्ट्यात जात, पत्रिका, जमीन आणि रंग या चारही गोष्टी त्या एका शब्दापुढं फिक्या होत्या. कामगाराचे बारा महिन्यांत 240 दिवस भरले की तो कायम होण्याचा हक्क सांगू शकायचा, म्हणून बऱ्याच ठिकाणी ते भरायच्या आतच त्याला 'ब्रेक' मिळायचा. काकांनी असे ब्रेक इतके खाल्ले, की ते म्हणत, "माझ्या सर्व्हिसमधी सर्व्हिस कमी आन् मधली सुट्टी जास्त." अशाच एका ब्रेकमध्ये ते मुलगी बघायला गेले. मुलीच्या वडिलांनी पोह्यांची बशी पुढं करायच्या आधीच विचारलं, "पावणं, परमनंट का?" काका म्हणाले, "नोकरीचं काय सांगता येत न्हाई मामा, पण नवरा म्हनून परमनंट." मामांना ते फारसं पटलं नाही. आतल्या खोलीत मुलगी मात्र मोठ्यानं हसली आणि लग्न तिथंच ठरलं. ती आमची काकी. नाव लग्नात पडलं आणि टिकलं. नोकरी कायम व्हायला पुढं बराच वेळ लागला.

काका खटाव तालुक्यातले. 1972 च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या लालभडक भाकरी खाल्ल्या आणि एक दिवस एसटीत बसून पुण्याला आले. "पाऊस पडला आसता तर वाटोळं झालं आसतं, शेती करत बसलो आसतो," हे त्यांचं त्यावरचं भाष्य. तोवर इकडं पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स येऊन बरीच वर्षं झाली होती. कंपनी 1954 ची. पेनिसिलीन गावातच तयार होतं याचा पिंपरीकरांना फार अभिमान. घरात कुणी शिंकलं की काका म्हणत, "पिंपरीत ऱ्हाऊन सर्दी? गावाची इज्जत घालवतो का काय!" एमआयडीसी 1962 साली स्थापन झाली होती. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी अशी चार गावं एकत्र बांधून 1970 साली नगरपालिका झाली होती. बाजरीच्या रानांत शेड उभ्या राहत होत्या आणि त्यांना माणसं हवी होती. काकांनी औंधच्या आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड केला. उंची पाच फूट दोन इंच. "मला कंपनीनं टर्नर म्हनून घेतलंच न्हाई," ते सांगत, "लेथखाली नट घरंगळला की काढायला मानूस लागतो, तसा घेतला."

मोहननगरात त्यांची दहा बाय बाराची खोली होती. पुढं पत्रा टाकून केलेली पडवी. नळ आणि संडास चाळीचे, सामाईक. त्या खोलीत काका, काकी, दोन मुली, एक मुलगा आणि कुठल्याही दिवशी मोजा, तीन-चार पाहुणे. खटावचे, माणचे, कोरेगावचे, काकीच्या माहेरचे. आणि मग ज्यांचं नातं सांगायला कागद-पेन्सिल लागावी असे, म्हणजे थोरल्या आत्याच्या जावेच्या भावाचा साडू वगैरे. स्वारगेटला उतरलेल्या पोराच्या खिशात चिठ्ठी असायची: 'मोहननगर, परमनंट काका'. गल्ली नाही, घरनंबर नाही. पोरगं संध्याकाळपर्यंत बरोबर दारात. हातात पिशवी आणि पिशवीत घेवडा, नाहीतर शेंगा. मीही त्या पिशवीसकट आलेल्यांपैकीच, फक्त पुतण्या असल्यामुळं माझ्या नात्याला कागद-पेन्सिल लागली नाही.

झोपायची व्यवस्था पाळीवर होती. फर्स्टवाला पहाटे उठून गेला की नाइटवाला येऊन त्याच गादीवर पडायचा. तो दुपारी उठला की सेकंडला न गेलेला कुणीतरी त्यावर अंग टाकायचा. "फाउंड्रीची भट्टी गार हू देत न्हाईत," काका सांगत, "गार झाली की परत पेटवायला खर्च लई. आपली गादी तशीच." ती गादी माझ्या आठवणीत तरी कधी गार नव्हती. उन्हाळ्यात त्याचा त्रास व्हायचा, पण तक्रार करायची कुणाकडं? तक्रारपेटी म्हणून काकांनी भिंतीला एक डालड्याचा डबा टांगला होता. त्यावर खडूनं लिहिलं होतं, 'सूचना येथे टाकाव्यात. डबा दर अमावास्येला उकिरड्यावर रिकामा केला जाईल.'

घराचा कायदा एका वाक्याचा होता. नव्या पोराला काका पहिल्या रात्री जेवताना तो वाचून दाखवल्यासारखा सांगत: "तीन दिवस मान, चवथ्या दिवशी दळण." चौथ्या दिवशी पोरगं डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन गिरणीच्या रांगेत उभं असायचं. आम्ही हसायचो. तो माणूस किती हुशार होता, हे मला पुढं स्वतःच्या घरी पाहुणे आल्यावर कळलं. पाहुण्या पोराला तिसरी भाकरी मागायची लाज वाटते. दळण आणणाऱ्याला वाटत नाही. काकांचे अर्धे विनोद असल्याच उद्योगासाठी असायचे. स्वतःला हसून घ्यायचं, म्हणजे समोरच्याला फुकट राहतोय याची टोचणी लागायला फुरसत मिळत नाही. पहिला पगार झाला की तो काकीच्या हातात द्यायचा, असाही रिवाज होता. काकी त्यातले अकरा रुपये देवापुढं ठेवायची आणि बाकीचे परत देऊन म्हणायची, "गावाला मनिऑर्डर कर." काका मागून ओरडत, "पावती मागू नगंस रं, ही संस्था रजिस्टर न्हाई."

नोकरी लागली की पेढे त्या पोराचे. नोकरी हुकली की भजी काकांची. मुलाखतीवरून तोंड पाडून आलेला पोरगा दारात दिसला, की काका काकीला आधीच ओरडून सांगत, "कांदा चीर गं, अजून एका कंपनीचं नशीब फुटलं!" त्या घरात कांद्याची भजी इतक्या वेळा झाली, की एकजण भज्यांसाठीच मुलाखती देतो असा काकांना संशय होता. तो गृहस्थ पुढं एका मोठ्या कंपनीत फोरमन झाला. त्याला नोकरी लागल्यावर सगळ्यात जास्त वाईट चाळीतल्या पोरांना वाटलं.

आता गुरुवारबद्दल सांगितलं पाहिजे, कारण बाहेरच्याला ही गंमत कळत नाही. जग रविवारी सुट्टी घेतं. आमच्या एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी. विजेचा ताण वाटून घ्यायला म्हणून हे सुरू झालं आणि मग घराघरांत मुरलं. परिणाम असा, की बाप घरी असतो तेव्हा पोरं शाळेत, आणि पोरं घरी असतात तेव्हा बाप लेथवर. काकांची धाकटी मुलगी तिसरीत असताना निबंधात लिहून आली होती, 'माझे बाबा गुरुवारी येतात.' बाई घाबरून घरी चौकशीला आल्या. त्याहून मोठी पंचाईत स्वयंपाकघरात. आठवड्यात एकदा मटण, तेही सुट्टीच्या दिवशी. आणि सुट्टी नेमकी दत्ताच्या वारी. काकी गुरुवारी घरात अंडं येऊ द्यायची नाही. काकांनी यावर बुधवारी रात्री सेकंड शिफ्ट करून आल्यावर जेवायचा तोडगा काढला. पण पंगत बसेपर्यंत बारा वाजायला यायचे. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत, "खा लवकर, दत्त महाराज कासारवाडीपोतर आलं," म्हणत ते पोरांना घास भरवत. घड्याळ वीस मिनिटं मागं लावून ठेवलेलं होतं हे काकीला माहीत होतं. ती बोलायची नाही. तिलाही नळी आवडायची.

खंडेनवमी हा या पट्ट्यातला खरा सण. दिवाळीला बोनस येतो, पण खंडेनवमीला कंपनी घरच्यांना आत घेते. यंत्रांना झेंडू, फरशीवर रांगोळी, आणि एरवी गेटवर करड्या आवाजात पास मागणारा वॉचमन हातावर पेढा ठेवतो. काकी जरीची साडी नेसून आणि आम्ही पोरं केसांना पाणी लावून निघायचो. काका आम्हांला त्यांच्या लेथपुढं उभं करून ओळख करून देत, "ही तुमची थोरली काकी. हिच्याजवळ रोज आठ तास असतो, जागा. घरच्या काकीजवळ आठ तास असतो, पन घोरत." काकी लेथला हळदीकुंकू वाहत म्हणायची, "बाई गं, उद्यापासून डबा पण तूच दे." शॉपमधली माणसं हसायची. काका ओशाळून झेंडूची माळ सरळ करत. त्या दोघांत विनोदी कोण, यावर घरात अजून दोन पक्ष आहेत. मी काकीच्या पक्षात आहे.

शॉपमधली भाषा त्यांनी घरी आणली ती अशी मुरली, की आमची नातवंडंसुद्धा अजून वापरतात. कच्चा भात म्हणजे 'रिवर्क', करपलेला 'रिजेक्शन', मीठ किंचित कमी असेल तर 'टॉलरन्समध्ये'. मुलींची लग्नं ठरवतानाही हेच. शॉपमध्ये भोक तपासायला एक साधन असतं, गो-नोगो गेज. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. तरच जॉब पास. थोरलीला बघायला आलेल्या पहिल्या स्थळाला काका हसतमुखानं रस्त्यापर्यंत सोडून आले आणि घरात येऊन म्हणाले, "नापास." का? "जावई घरात गेला पायजे, डोक्यात जाता कामा न्हाई. हा दोनी बाजूंनी जातोय." चौथं स्थळ पास झालं. ते जावई शांत स्वभावाचे निघाले, इतके की पुढं काकाच म्हणू लागले, गेज जरा जास्तच बारीक लागलं.

स्कूटरचं थोडक्यात सांगतो. बजाजची चेतक 1972 साली आली, राणा प्रतापाच्या घोड्याच्या नावानं. ती बुक करून माणसं वर्षानुवर्षं वाट बघायची, आणि आकुर्डीत तर ती डोळ्यांदेखत बनत असूनही आकुर्डीकरांनाही रांग चुकत नव्हती. काकांनी रांगेत नंबर लावला नाही. त्यांनी सेकंडहँड घेतली. कुठली ते लिहीत नाही; आधीच्या मालकानं तिचे जे हाल केले होते त्यात तिच्या कंपनीची काही चूक नव्हती. ती सुरू करायला आधी आडवी करून झोपवावी लागे. रोज सकाळी काका तिला झोपवत आणि सगळी चाळ उठे. त्या एका स्कूटरवर काका, काकी, पुढं मुलगा, मध्ये दोन मुली आणि स्टेपनीवर हात ठेवून धावणारा एक पाहुणा, असा मोर्चा मोरया गोसावींच्या दर्शनाला चिंचवडगावात जायचा. पाहुणा दर चौकाला बदलायचा.

सगळं असं हसण्यावारी गेलं असंही नाही. 1989 साली टेल्कोचा संप पेटला. कामगारनेते राजन नायरांच्या मागं कामगार शनिवारवाड्यापुढं जाऊन बसले आणि सारा पट्टा श्वास रोखून होता. संप एका कंपनीचा असला तरी तिच्यावर जगणारे छोटे कारखाने किती, याची मोजदाद नव्हती. त्याच सुमारास काकांच्याही कंपनीला टाळं लागलं होतं. घरात तेव्हा पाहुणे होतेच. एकानंही जायचं नाव काढलं नाही, कारण काकांनी काढू दिलं नाही. काकीच्या हातातल्या पाटल्या एक दिवस दिसेनाशा झाल्या. विचारलं तर काका म्हणाले, "नाइटला गेल्यात, सकाळी येतील." त्या यायला बरीच वर्षं लागली. त्या काळात ते रोज डबा घेऊन वेळेवर बाहेर पडत आणि दुर्गा टेकडीवर जाऊन बसत, हे आम्हांला फार उशिरा समजलं. डब्यात भाकरी नसायची, पत्ते असायचे. टेकडीवर असे बरेच 'कामावर गेलेले' असत आणि रमीचा डाव बरोबर साडेतीनला, शिफ्ट सुटायच्या वेळी, मोडायचा.

नंतर दिवस पालटले. काकांनी पतसंस्थेतून कर्ज काढून रुपीनगरच्या बाजूला अर्धा गुंठा घेतला. अर्धा गुंठा म्हणजे काय, हे शहरातल्या लोकांना चौरस फुटांत सांगतात. काका सांगत, "म्हशीनं अंग टाकलं तर शेपूट शेजाऱ्याच्यात." त्यावर दोन मजले चढवले. मग कळलं की जागा देहूरोडच्या दारूगोळा डेपोच्या रेडझोनमध्ये, म्हणजे बांधकामबंदीच्या पट्ट्यात, येते. प्लॉट विकणाऱ्यानं हे सांगितलं नव्हतं. त्यानं फक्त 'शांत परिसर' म्हटलं होतं. मग शास्तीकर आला. अनधिकृत बांधकामाला घरपट्टीच्या वर घरपट्टीच्या दुप्पट दंड, अशी ती गोष्ट. पुढच्या प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक पक्षाचा उमेदवार दारात येऊन शास्तीकर माफ करणार असं सांगे. काका प्रत्येकाला आत बोलावत, चहा पाजत आणि त्याच्यापुढं वही ठेवत: "सही करा, तारीख टाका." ती वही अजून आहे. त्यातले काही सह्या करणारे नंतर पक्ष बदलून परत आले, तेव्हा काकांनी त्यांना जुनी सही दाखवून शेजारी नवी घेतली. कर शेवटी 2023 साली खरंच माफ झाला. काकांना त्याचं थोडं वाईटच वाटलं असावं. वही भरत आली होती.

निवृत्तीनंतर त्यांना मुलानं चाकण दाखवायला नेलं. मुलगा तिकडच्या एका प्लँटमध्ये क्वालिटीत आहे. काकांच्या डोक्यात चाकण म्हणजे कांदा-बटाट्याचा बाजार. 1999 साली बजाजचा कारखाना तिथं सुरू झाला आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा असे एकेक येत गेले, ते त्यांनी पेपरात वाचलं होतं, बघितलं नव्हतं. काचेपलीकडं रोबोचे हात वेल्डिंग करत होते. काका बराच वेळ बघत राहिले. मुलाला वाटलं, भारावले. काका म्हणाले, "ह्यास्नी चहाला कधी सोडता?" बारा महिने, तीन पाळ्या, सुट्टी नाही, हे ऐकल्यावर त्यांनी मान हलवली. "मग ह्यांचं लगीन जमायचं अवघड हाय."

येताना तळेगाव चौकात गाडी अडकली. अडकली ती अडकलीच. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, डावीकडं कंपन्यांच्या बसेस. काका खिडकीतून संग्रामदुर्गाच्या दिशेनं बघत होते. 1660 साली शाहिस्तेखानानं तिथं वेढा घातला तेव्हा फिरंगोजी नरसाळ्यानं मूठभर माणसांनिशी पन्नासहून अधिक दिवस किल्ला लढवला, ही गोष्ट त्यांना शाळेपासून पाठ. अर्ध्या तासानं ते म्हणाले, "फिरंगोजी थोर मानूस, त्यात वाद न्हाई. पन खान आज आला आसता, तर नुसता ह्या चौकातनं पलीकडं जायला त्याला तेवढंच दिस लागलं आसतं. हत्ती इंडिकेटर कुठला द्यायचं?"

त्यांना पेन्शन होती, ईपीएस-95 मधली. ही योजना 1995 साली आली आणि 2014 पासून किमान पेन्शन महिना एक हजार रुपये ठरली. काकांना त्याहून थोडी जास्त मिळायची. पेन्शन जमा झाल्याचा मेसेज आला की ते काकीला म्हणत, "चल, जग बघून येऊ," आणि दोघं पिंपरी मार्केटमध्ये जाऊन भाजी घेऊन येत.

काका गेल्या वर्षी गेले. रात्री झोपेत. सकाळी काकी एवढंच म्हणाली, "जन्मभर नाइट केली, शेवटची पन नाइटच निघाली." मग ती रडली.

आता आमच्या शहरात माणूस जाऊन भागत नाही. त्याचा फ्लेक्स लागावा लागतो. वाढदिवसाचा आणि श्रद्धांजलीचा फ्लेक्स लांबून सारखाच दिसतो. जवळ गेल्यावर कळतं, की एकात 'भावी' आहे आणि दुसऱ्यात 'कैलासवासी'. दहाव्याच्या आधी आम्ही सगळे जमलो. पहिला प्रश्न फोटोचा. काकांचा एकट्याचा फोटोच नव्हता. प्रत्येक फोटोत त्यांच्या अंगाखांद्यावर कुणीतरी होतं, आणि सगळे जण हसत असल्यामुळं हललेले. एका फोटोत ते स्वच्छ आले होते, पण त्यात त्यांच्या तोंडात जिलेबी होती. कंपनीच्या ओळखपत्रावरचा फोटो काढला, त्यात ते इतके गंभीर होते की धाकटीनं विचारलं, "हे कोण?" शेवटी थोरलीच्या लग्नातला फोटो निवडला. त्यांच्या खांद्यावर विहिणीचा हात होता. तो फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर पुसला, पण बोटं राहिली. त्या बोटांसकट काका चौकात लागले.

दुसरा प्रश्न मजकुराचा. फ्लेक्सवाल्याकडं तयार विशेषणं असतात: प्रेमळ, मनमिळाऊ, हसतमुख, कुटुंबवत्सल. त्यानं चारही टाकली. जावई म्हणाले, 'विनोदी स्वभावाचे' पण घाला. त्यावर काकी आतून बाहेर आली. "तुमचं काका इनोदी नव्हतं," ती म्हणाली. "नऊ मानसं आन् येक खोली, अशा घरात मानूस येक तर भांडतो न्हाईतर हासतो. त्यास्नी भांडाय येत नव्हतं." जावयांनी ते विशेषण मागं घेतलं.

तिसरा प्रश्न खाली 'शोकाकुल' म्हणून कुणाची नावं घालायची. मुलगा म्हणाला, घरातलीच घालू. दुपारपर्यंत मोबाइलवर यादी सुरू झाली. पहिला फोन भजीवाल्या फोरमनचा. तो आता निवृत्त होऊन साताऱ्यात असतो. मग कुर्डुवाडीहून एक, भोसरीत स्वतःची तीन सीएनसी यंत्रं असलेला एक, पुण्यात नाट्यनिर्माता झालेला एक, आणि सलग चार जण ज्यांना घरात कुणीच ओळखलं नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच: मी त्या गादीवर झोपलोय, माझं नाव पाहिजे. आम्ही सहा बाय चारचा फ्लेक्स सांगितला होता. तो आठ बाय दहा झाला. तरी नावं मावेनात, तेव्हा फ्लेक्सवाल्यानं व्यवहारी तोडगा सुचवला, खाली 'मित्रमंडळ' लिहा. कुठलं मंडळ? काकांचं कुठलंच मंडळ नव्हतं. बराच खल झाला आणि 'गादी मित्रमंडळ, मोहननगर' असं छापून आलं. तेव्हापासून दोन-तीन पक्षांचे लोक येऊन गेलेत. ही कुठल्या महाराजांची गादी आणि तिच्या मागं मतं किती, अशी चौकशी करत होते.

काकांच्या मागं आता काकीला पेन्शन मिळते. रुपीनगरच्या घरात वरची खोली रिकामी आहे आणि तिला ती रिकामी बघवत नाही. तेव्हा तिचा निरोप इथं छापायचं मी कबूल केलं आहे. खटाव, माण, कोरेगाव किंवा कुठल्याही तालुक्यातला पोरगा चाकणला ट्रेनी म्हणून लागला असेल आणि राहायची सोय झाली नसेल, तर त्यानं यावं. नातं सांगता आलं नाही तरी चालेल. येताना घेवडा आणावा. गादी नवी आहे. तीन दिवस मान मिळेल, चौथ्या दिवशी दळण.